.३२ पिस्तूल घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रपरवाना हातात पडला की माणूस पहिला फोन आधीच पिस्तूल बाळगणाऱ्या ओळखीच्या कुणाला तरी करतो. गेली काही वर्षं असे फोन मलाही येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. परवाना नसलेल्यांसाठी किंवा ‘कुठून तरी मिळेल का’ असं विचारणाऱ्यांसाठी या पानावर काहीही नाही.

अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे नेमकं काय?

चाप एकदा ओढला की एकच बार होतो. त्या बाराच्याच जोरावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या डबीतलं, पुढचं काडतूस नळीत सारते. दुसऱ्या बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप धरून ठेवला की गोळ्यांची सरबत्ती होते, ते स्वयंचलित. ते हत्यार नागरिकाला मिळत नाही.

बहुतेक .३२ पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारी कुठलीही कळ नसते. स्लाइडचं वजन आणि तिची स्प्रिंग एवढ्यावरच सगळा भार. म्हणून स्प्रिंग महत्त्वाची. पुढच्या निम्म्या उत्तरांत ती पुन्हा भेटेल.

.३२च का? सिनेमात दाखवतात तसं ९ एमएम का नाही?

कारण ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप; .३२ हा आकडा इंचांत. शस्त्र अधिनियम १९५९चा आणि सध्याचे नियम २०१६चे. त्यांतल्या वर्गीकरणानुसार ९ एमएम, .४५, .३८० आणि .४५५ ही लष्करी जातीची काडतुसं झाडणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं सामान्य परवान्यावर घेता येत नाहीत. उरतं ते प्रामुख्याने .३२ आणि नेमबाजीसाठी .२२.

.३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), म्हणजेच ७.६५ एमएम, हे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ साली बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी काढलं. साधारण ४.६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. ताकद ९ एमएमच्या निम्म्याहूनही बरीच कमी. पण धक्का कमी, हत्यार लहान आणि अनोळखी हातालाही लवकर वळण लागतं. ‘.३२ने काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांपैकी किती जण पंधरा मीटरवर पाच गोळ्या एका ताटलीत बसवतात, ते मला अजून पाहायचं आहे.

.३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं पिस्तुलाला चालतात का?

नाही. दोन्हींवर .३२ लिहिलेलं असलं तरी काडतुसं वेगळी आहेत. आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग लागतं. त्याची पुंगळी लांब आणि बूड रुंद असतं. पिस्तुलाचं एसीपी आखूड असतं. दुकानात खोका हातात घेऊन वाचा, आणि परवान्यावरची नोंद ‘.३२ पिस्तूल’ अशी स्पष्ट आहे ना तेही बघा. नुसतं ‘.३२ बोअर’ लिहिलेल्या नोंदीवरून पुढे खेटे घालावे लागलेली माणसं मला माहीत आहेत.

बाजारात नेमकी निवड किती?

फार नाही. नव्यात सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ आहे. पूर्वी हे कारखाने आयुध निर्माणी मंडळाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ला ते मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि बंदुका-पिस्तुलांचे कारखाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेले. लोक अजूनही ‘ऑर्डनन्सचं पिस्तूल’ असंच म्हणतात. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात संडीला इथे वेब्ली अँड स्कॉट या जुन्या इंग्रजी नावाखालीही हत्यारं बनू लागली आहेत.

किंमत डीलरकडे विचारा, पण करासकट विचारा. २२ सप्टेंबर २०२५पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. जुन्या ओळखीच्याने सांगितलेला आकडा धरून गेलात तर काउंटरवर घाम फुटेल.

याखेरीज जुनी परदेशी पिस्तुलं आहेत: वॉल्थर पीपी आणि पीपीके, एफएन ब्राउनिंगची १९१० आणि १९२२, कोल्ट १९०३, माउझर एचएससी, बेरेटा, सीझेड. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठीची आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे देशात जी आहेत तीच हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव लाखांत जातात.

ज्यांच्याकडे आहे त्यांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. विश्वास कुणावर ठेवायचा?

या पानावरचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

एक जण सांगतो, ‘दहा वर्षं आहे, एकदाही अडकलं नाही.’ दुसरा त्याच पिस्तुलाबद्दल सांगतो, ‘डब्बा आहे, घेऊ नका.’ दोघेही खोटं बोलत नसतात. त्यांना फक्त एक प्रश्न विचारायचा: आजवर किती राऊंड झाडले?

पहिला थोडा विचार करतो आणि म्हणतो, ‘घेतलं तेव्हा पाच-सहा, मग एकदा शेतावर...’ म्हणजे दहा वर्षांत दहा-बारा बार. उरलेला सगळा काळ पिस्तूल कपाटात होतं. कपाटात काय अडकणार? आपल्याकडे काडतुसं महाग, परवान्यावर त्यांचा कोटा ठरलेला आणि सराव करायला रेंज मोजक्या. साहजिकच बहुतेकांचा अनुभव हा बाळगण्याचा असतो, चालवण्याचा नसतो. बाळगणारा चकाकी, वजन आणि नावाबद्दल बोलेल. चालवणारा मॅगझिनबद्दल बोलायला लागेल.

दुसऱ्याला विचारलंत तर कळतं की त्याने बार केले पंधरा, आणि काडतुसं होती वडिलांच्या वेळची, पत्र्याच्या डब्यातली. तिथे दोष पिस्तुलाला देऊन चालणार नाही.

मी स्वतः पहिलं पिस्तूल घेतलं तेव्हा दोन बैठकांत चाळीसेक राऊंड अगदी सुरळीत गेले आणि मी चार लोकांना छातीठोक सांगून मोकळा झालो. सत्तरीच्या पुढे, मधे साफ न करता चालवत असताना, ते प्रत्येक मॅगझिनमध्ये एकदा अडायला लागलं. स्लाइड पूर्ण बंदच होत नव्हती. कारण निघालं काडतुसाच्या घरात साठलेली काजळी आणि मवाळ पडलेली स्प्रिंग. ज्या चौघांना सांगितलं होतं त्यांतल्या एकाने तोवर तसंच पिस्तूल घेऊन टाकलं होतं.

तेव्हापासून कुणी पिस्तुलाबद्दल सांगू लागलं की मी विचारतो: राऊंड किती? काडतुसं कोणत्या सालची? अडलं तेव्हा नेमकं काय झालं: बार झालाच नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, की पुढचं काडतूस वर आलं नाही? एकाच मॅगझिनने अडलं की दोन्हींनी? या चारांची उत्तरं देणारा माणूस पिस्तुलाला शिव्या घालत असला तरी ऐका. देता न येणारा कितीही गोड बोलला तरी चहा पिऊन उठा.

‘अशनी’बद्दलच्या तक्रारीही याच चाळणीतून घालाव्या लागतात. चाप जड आहे, कडा बोचतात, फिनिशिंग परदेशी पिस्तुलासारखं नाही, हे पुष्कळ जण म्हणतात आणि ते हातात घेऊनच तपासता येतं. ‘चालतच नाही’ हे मात्र राऊंड मोजल्याशिवाय मान्य करू नका. उलट बाजूने, वॉल्थरची तारीफ करणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर वॉल्थरच्या भावाची तारीफ करत असतात.

मग नवं देशी घ्यावं की जुनं परदेशी?

माझं मत विचाराल तर वापरायला नवं आणि हौसेला जुनं. पीपी १९२९चं डिझाइन, पीपीके १९३१चं. हातात घेतल्यावर ते काम पाहून जीव खुळावतो हे खरं आहे. पण काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन तुटली, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजला, मॅगझिन हरवलं की सुटा भाग शोधत हिंडावं लागतं. गावातल्या लेथवाल्याकडून पिन ‘करून घेण्याचा’ मोह टाळा. हत्यार दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि चुकीच्या धातूची पिन काडतुसाची टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टिकली, भोसकते.

मूळ दोन मॅगझिन सोबत असतील तर जुन्याच्या किमतीत थोडं वर जायला हरकत नाही. एकच असेल तर भाव पाडून मागा.

वापरलेलं पिस्तूल घेताना काय पाहायचं?

सगळ्यात आधी, हातात घेतल्याबरोबर, मॅगझिन काढून स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे का ते स्वतः बघायचं. देणारा कितीही जाणता असो, ‘रिकामं आहे’ हे त्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलट केलंत तर नळीतलं काडतूस बाहेर पडेल आणि मॅगझिनमधलं दुसरं आत जाऊन बसेल.

मग नंबर. चौकटीवरचा नंबर परवान्यातल्या नोंदीशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे. स्लाइडवर आणि नळीवर नंबर असतील तर तेही एकमेकांशी जुळतात का पाहा. खाडाखोड किंवा घासल्याची खूण दिसली तर तिथेच थांबायचं.

नळीतून उजेडाकडे बघा. आटे, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, स्वच्छ दिसले पाहिजेत. काळे खड्डे म्हणजे गंजाच्या खुणा. थोडे असतील तर नेम फारसा बिघडत नाही, पण आधीच्या मालकाने कसं सांभाळलं ते कळतं. मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले किंवा चिरलेले नाहीत ना, हे बोट फिरवून पाहा. पिस्तूल ‘न चालण्या’मागे अर्ध्या वेळा हे ओठच असतात. स्लाइड मागे ओढून सोडल्यावर ती ठणकावून पुढे आली पाहिजे. रेंगाळत आली तर स्प्रिंग बसलेली, म्हणजे ढिली पडलेली आहे.

रिकामा चाप ओढून बघण्याआधी मालकाची परवानगी घ्या. जुन्या पिस्तुलांत त्याने पिन तुटू शकते. डमी काडतूस असेल तर उत्तम.

कागदाचं सांगायचं तर, एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकताना जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. घाई करणारा विक्रेता म्हणजे भानगड समजा.

काडतूस मॅगझिनमध्येच अडतं. हे काय प्रकरण आहे?

.३२ एसीपीचं बूड अर्धवट बाहेर आलेलं असतं. पुंगळीपेक्षा किंचित रुंद. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचं बूड खालच्याच्या मागे गेलं तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि वरचं पुढे सरकतच नाही. नेहमीसारखी स्लाइड मागेपुढे करूनही ते सुटत नाही, मॅगझिन काढून हातानेच सोडवावं लागतं. उपाय साधा आहे: भरताना प्रत्येक काडतुसाचं बूड खालच्याच्या पुढे बसलंय हे बघत भरायचं. आखूड गोळीच्या काडतुसांत ही अडचण जास्त येते, पूर्ण आवरणाच्या गोल नाकाच्या गोळीत कमी.

आपल्याकडे मिळणारी देशी काडतुसं ‘केएफ’ छापाची, म्हणजे पुण्याच्या खडकी कारखान्याची. के म्हणजे किर्की, इंग्रजांनी केलेलं खडकीचं नाव. खोक्यावरचं साल बघून घ्या आणि जुनी आधी संपवा. घरात ठेवायची दहा-वीस काडतुसं दर एक-दोन वर्षांनी सरावात वापरून नवी घेणं हा चांगला रिवाज आहे. पोटमाळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या काडतुसाचा बार फुसका निघाला तर नवल नाही. फुसका निघाल्यास पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबा, लगेच स्लाइड ओढू नका. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढचा बार करूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

सेफ्टी कोणत्या प्रकारची चांगली?

जी तुमच्या अंगठ्याला न बघता सापडते ती. एफएन १९१० आणि १९२२ला तीन सेफ्टी आहेत: खटका, मुठीच्या मागची दाबपट्टी आणि मॅगझिन काढल्यावर चाप बंद करणारी. कोल्ट १९०३ला ‘हॅमरलेस’ म्हणतात, प्रत्यक्षात त्याचा घोडा, म्हणजे पिनवर आपटणारा हातोडा, स्लाइडच्या आत लपलेला असतो. म्हणजे घोडा चढलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. पीपीचा खटका खाली केला की घोडा सुरक्षितपणे खाली येतो, आणि पुढचा पहिला चाप लांब आणि जड असतो.

असं असलं तरी साठ-सत्तर वर्षं जुन्या झिजलेल्या खटक्याच्या भरवशावर मी माझा पाय धोक्यात घालणार नाही. जुनं पिस्तूल कमरेला लावायचं तर नळी रिकामी ठेवून.

वडिलांच्या हाताला स्लाइड ओढवत नाही. मग काय?

हा प्रश्न विचारला जात नाही आणि विचारायला हवा. काडतूस छोटं असलं तरी स्लाइड रोखून धरायचं काम स्प्रिंगकडे असल्यामुळे ती ताठ असते. संधिवाताच्या बोटांना, घामेजल्या हातांना ती दाद देत नाही. दुकानात सलग दहा वेळा ओढून बघायला सांगा. दहाव्या वेळी हात थरथरला तर रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात ओढायचं काही नसतं, आणि एखादं काडतूस फुसकं गेलं तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. वर्षातून दोनदाही सराव न करणाऱ्या माणसालाही मी रिव्हॉल्व्हरच सुचवतो. पिस्तुलाच्या पानावर हे लिहिणं विचित्र वाटेल, पण आहे ते असं आहे.

मुलीला नेमबाजीत पुढे जायचंय. तिलाही .३२च का?

नाही, तो रस्ताच वेगळा. २५ मीटरच्या स्पर्धेत .२२ लाँग रायफल काडतुसाचं पिस्तूल लागतं. पाच-पाच बारांच्या फैरी असतात. वजन १४०० ग्रॅमच्या आत, चाप ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर, नळी १५३ मिमीपेक्षा लांब नको. इटलीचं पार्डिनी, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाउ ही रेंजवर नेहमी दिसणारी नावं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात.

पण सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने आणि प्रशिक्षकाच्या हाताखाली करा. बालेवाडीचं क्रीडासंकुल, वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज अशा ठिकाणी जाऊन दोन-तीन मुठी हातात धरून बघाव्यात. स्पर्धेच्या पिस्तुलाला लाकडी मूठ असते आणि ती हाताच्या मापाची हवी. मैत्रिणीचं पिस्तूल उत्तम असलं तरी तिची मूठ तुमच्या मुलीच्या कामाची नाही.

इथे अनुभव विचारायचे तर लोक हजारोंनी राऊंड झाडलेले असतात, म्हणून त्यांचं ऐकण्यात अर्थ आहे. ते ब्रँडपेक्षा काडतुसाच्या लॉटबद्दल जास्त बोलतील. एकाच कंपनीचा एक लॉट एका पिस्तुलातून सुंदर जातो, दुसरा अडतो. सुट्या भागांबद्दलही विचारा. टोकियोत २०२१ साली मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरीतच तुटला आणि हातातली मिनिटं दुरुस्तीत गेली.

आजोबांचं पिस्तूल आहे, परवाना त्यांच्याच नावावर होता. ठेवता येईल का?

परवानाधारक गेल्यावर ते घरात तसंच ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. आधी पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करा. शहरात पोलिस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. हेही लक्षात ठेवा की २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. त्याच दुरुस्तीने लग्नावरातीत हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. आजोबांच्या काळी चालत होतं म्हणून आता चालणार नाही.

कोकणात राहतो. गंज कसा रोखायचा?

चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पहिला गंज तिथेच येतो. तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात, कुलूपबंद लोखंडी पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा उघडून पुसायचं. नळी आतून तेलकट असेल तर बार करण्याआधी कोरडी करायची. काडतुसांना मात्र तेल लावू नका. तेल टोपीतून आत झिरपलं की बार फुसका.

निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायची नोटीस आली तर देताना जाड ग्रीसचा थर द्या आणि पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घ्या. परत मिळेपर्यंत पुसणारं कुणी नसतं.

मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग बसते का?

स्प्रिंग भरून ठेवल्याने फारशी बसत नाही, सतत भरण्या-रिकामं करण्याने झिजते. तरी मी आठाच्या मॅगझिनमध्ये सातच भरतो. दोन मॅगझिन असतील तर त्यांच्या बुडाला रंगाने एक आणि दोन असे आकडे घाला. पुढे पिस्तूल अडलं की कोणत्या मॅगझिनने अडलं, ते तरी सांगता येईल.